बांधलेलं लोखंड

वर्षातून एकदा आण्णांच्या घरात लोखंडाला सुट्टी मिळायची. माणसांना मिळो न मिळो. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी चर्चला प्रभुभोजनाला जायच्या आधी घरातली कुदळ, फावडं, पहार, कोयते, खुरपी, झालंच तर स्वयंपाकघरातली विळी आणि सुरीसुद्धा ओटीवर जमा व्हायची. आण्णा ते सगळं जुन्या धोतरात गुंडाळून काथ्याने बांधायचे आणि कणगीमागे ठेवायचे. रविवारी पहाटेची उपासना झाल्यावरच ते गाठोडं सुटायचं. मधल्या दिवसांत मातीत लोखंड घालायचं नाही, झाडावर कोयता चालवायचा नाही आणि भिंतीत खिळा तर मुळीच नाही.

"ज्यानं प्रभूला खिळलं, त्यानं दोन दिवस गप्प बसावं," आण्णा म्हणायचे. हा नियम त्यांच्या बापाने नगरकडून येताना बरोबर आणलेला. शास्त्रात असं कुठे नाही, हे नवे पाळकसाहेब दर वर्षी हसत हसत सांगत, आणि आण्णा दर वर्षी हसत हसत ऐकून घेत. जांभूळ गावाच्या अलीकडे त्यांची सहा-सात ख्रिस्ती घरांची वाडी. साऱ्या वाडीने हळूहळू तो नियम घेतला होता. आजूबाजूच्या आगरी शेतकऱ्यांनाही ते ठाऊक. "यांचा लोखंड बांधला" म्हटलं की ईस्टर आला, हे त्यांना कॅलेंडर न बघता कळे.

विठा या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला या नियमाचं हसू आलं होतं. आता ती स्वतः सासू झाली होती. विळीशिवाय दोन दिवस कसे काढायचे यात तिचा हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं. कांदा बुक्कीने फोडायचा, शेवग्याचा पाला ओरबाडायचा, वांगी निखाऱ्यावर भाजायची. तिची सून अक्षदा बदलापूरच्या बिल्डिंगीत वाढलेली. तिने पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "मम्मी, हाताने मोडतं ते सगळं चालतं ना? मग बिस्किट पण चालेल." आण्णांनी तिच्याकडून बिस्किटाचा अर्धा पुडा मागून घेतला होता.

यंदा मात्र आण्णांचं बिस्किटही कमी झालं होतं. वय नव्वदीला टेकलेलं. दम लागे, पायावर सूज येई. डॉक्टरने सांगितलं होतं, वयाचं आहे, सांभाळा.

बुधवारी सकाळपासून राबाचं काम चालू होतं. भाताची रोपं ज्या तुकड्यात वाढवायची, तो आधी भाजून घ्यायचा. त्यावर शेण पसरायचं, मग तोडलेल्या फांद्या, मग पालापाचोळा, वरून मातीचा हात, आणि वाऱ्याचा रोख बघून आग लावायची. विठाचा नवरा सदू फांद्यांचे भारे आणून टाकत होता आणि विठा पाला पसरत होती. ऊन असं की पाठ भाजून निघावी. लांब बदलापूरच्या इमारती धुरकट दिसत होत्या, पाणीपुरवठ्याच्या पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"आज पेटवून टाकू," सदू म्हणाला. "उद्या लोखंड बांधलं की मातीची रेघ मारता यायची नाही. आग पसरली तर विझवायची कशानं?"

"पसरली तर तिकडं जाईल," विठाने हनुवटीने बांध दाखवला.

सदूने तिकडे पाठ करून पुढचा भारा टाकला. बांधापलीकडे हरिचंद्र आगऱ्याचं शेत होतं. हरिचंद्र आणि सदू एका शाळेत, एका बाकावर, एकाच मास्तरचा मार खाऊन मोठे झालेले. गेल्या पावसाळ्यात पाण्याने बांध फुटला. सदू तापाने पडला होता, म्हणून हरिचंद्रने एकट्याने बांध घातला. सदू बरा होऊन शेतावर आला आणि त्याला वाटलं, बांध आपल्या बाजूला हातभर सरकलाय. वाटलं ते वाटलं, पण गडी ते गणपतीच्या दिवसांत, हरिचंद्रच्या दारात पाहुणे बसलेले असताना बोलला. "मी आजारी पडलो आणि यानं माझी जमीन खाल्ली." हरिचंद्र उठून आत गेला. त्या दिवसापासून बोलणं बंद. त्याची बायको काशी आणि विठा पाणवठ्यावर भेटल्या तर एकमेकींच्या हंड्यांकडे बघत.

त्या बुधवारी दुपारी आण्णा कुदळीवर रेलत रेलत शेतावर आले. ती त्यांची स्वतःची कुदळ. पातं झिजून निम्मं झालेलं, दांडा हाताच्या घामाने काळा आणि गुळगुळीत. हल्ली ते तिला काठीसारखी वापरत.

"एवढ्या उन्हाचं कशाला आलात?" विठा म्हणाली.

"राब बघायला. या वर्षीचा चांगला जळेल."

सदू भारे आणायला टेकडीच्या अंगाला गेला होता. विठा पाला उचलायला वाकली आणि मान वर करून बघते तर आण्णा बांधावर बसलेले, आणि शेजारी हरिचंद्र. दोघं एका दिशेला तोंड करून बसले होते. बोलत होते का नाही तेही कळत नव्हतं. तिने पुन्हा पाल्यात हात घातला. नवऱ्याला हे सांगायचं नाही, हे तिने तेव्हाच ठरवलं. सांगून काय, आधीच गवत वाळलेलं.

संध्याकाळी वारा पडल्यावर राब पेटवला आणि तो खरोखर चांगला जळला.

गुरुवारी ओटीवर लोखंड जमा झालं. आण्णांना खाली बसवेना, म्हणून ते खाटेवरून सांगत होते आणि सदू बांधत होता. फावडं आलं, पहार आली, कोयते आले. अक्षदाने सुरीबरोबर नेलकटरही आणून ठेवलं, आणि आण्णा खोकेपर्यंत हसले.

"आण्णा, तुमची कुदळ?" सदूने विचारलं.

"नाही इथं."

"मग कुठं हाय?"

"जिथं लागेल तिथं हाय."

सदूने गोठा बघितला, न्हाणी बघितली, राबापर्यंत जाऊन आला. येताना त्याचा चेहरा बदललेला होता. "बांधावर टेकून ठेवली असेल त्यांनी. तिथून कोण उचलणार ते काय सांगायला पाहिजे?"

"गप राहा," विठा म्हणाली. "आज गुरुवार हाय."

पण सदूच्या जिभेला हाड नव्हतं. चर्चला जाताना वाट हरिचंद्रच्या अंगणावरूनच होती. हरिचंद्र ओट्यावर बसून जाळं विणत होता. सदू त्याच्याकडे न बघता, पण त्याला ऐकू जाईल असं बोलला, "काही लोकांना बांध पुरत नाही. आता अवजारं पण लागतात."

काशी दारातून पुढे आली. हरिचंद्रने हात आडवा करून तिला थांबवलं. तो सदूकडे बघत राहिला आणि मग त्याने खाली मान घालून जाळ्याचा पुढचा फासा घेतला. चोर म्हटल्यावर माणूस एवढा शांत कसा राहतो, हे विठाला कळेना. तिला स्वतःचीच लाज वाटली. प्रभुभोजनाचा भाकरीचा तुकडा घेताना तिने सदूकडे बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी आण्णांनी चहा मागितला. अर्धा प्याले. "आज योसेफाचं वाचतील," ते म्हणाले. उत्तम शुक्रवारच्या वाचनात त्यांचा जीव तेवढ्या एका माणसात असे. ज्याने सुभेदार पिलाताकडे जाऊन प्रभूचं शरीर मागितलं आणि स्वतःसाठी खोदलेल्या कबरीत ठेवलं, तो अरिमथाईचा योसेफ. "शिष्य पळाले गं. ज्याचं कधी नाव ऐकलं नव्हतं, तो आला पुरायला. आणि मागायला लाजला नाही." विठाने कप घेतला, विसळून आली, तर आण्णांची मान उशीवरून किंचित कलली होती. तिने छातीला हात लावून बघितला आणि मग तिथेच बसून राहिली. इतकं निवांत गेलेलं माणूस तिने बघितलं नव्हतं. आधी तिला बरं वाटलं, आणि मग रडू आलं ते आवरेना.

रडणं झाल्यावर प्रश्न उभा राहिला. वाडीतले सगळे अंगणात जमले, पण कबर खोदायची कशी हे कुणी तोंडातून काढेना. नदीकाठच्या दफनभूमीत वाडीतलीच माणसं कबर खोदत. पहिला घाव घरच्याने घालायचा, मग बाकीच्यांनी हात लावायचा, अशी रीत.

"आण्णांच्याच कबरीसाठी आण्णांचाच नियम मोडायचा?" वाडीतला जयदेव शेवटी म्हणाला. "सदूदादा, तू घाव घाल, मग आम्ही आहोत. पण पहिली कुदळ मी नाय मारणार."

सदू खांबाला टेकून बसला होता. "माझ्यानं नाय होणार."

विनीत, सदूचा मुलगा, अंबरनाथच्या कंपनीत होता. तो फोन घेऊन उभा राहिला. "पप्पा, टेन्शन नका घेऊ. नाक्यावरून दोन बिगारी आणतो. एक घंटे का काम है."

"आपण मोडायचं नाही आणि पैसे देऊन दुसऱ्याकडून मोडून घ्यायचं? त्यापेक्षा मीच मोडतो की," सदू म्हणाला.

"मग बॉडी उल्हासनगरला ठेवू. बर्फाच्या पेटीत. संडेला करू सगळं."

यावर विठा उठली. "बर्फात नाही ठेवायचं."

आण्णांची बायको गेली तेव्हा सदूची बहीण लांबून यायची म्हणून तिला दोन रात्री बर्फात ठेवली होती. आण्णा तेव्हा कुणाला काही बोलले नाहीत. पण पुढे दर थंडीत, गोधडी अंगावर घेताना म्हणायचे, "तिला गारवा कधी सोसला नाही, आणि शेवटी आपण काय केलं तिचं." आणि विठाकडून त्यांनी कबूल करून घेतलं होतं, मला त्याच दिवशी मातीत द्या. माती उबदार असते. विठाने हो म्हटलं होतं.

"दिवस मावळायच्या आत त्यांना माती द्यायची," ती म्हणाली. "मी शब्द दिलाय."

"अगं पण कशानं?" सदूचा आवाज फाटला.

तिने पदर खोचला आणि ती अंगणातून बाहेर पडली. कुठे, ते कुणाला सांगितलं नाही.

हरिचंद्र ओट्यावरच होता. जाळं गुंडाळून ठेवलेलं होतं. पायाशी पाण्याने भरलेली बादली, आणि बादलीत, पातं खाली करून, आण्णांची कुदळ उभी होती. दांडा पाणी पिऊन फुगावा, पातं ढिलं राहू नये, म्हणून जुनी माणसं कामाच्या आधी कुदळ अशी भिजत ठेवतात.

विठा ओट्याशी उभी राहिली. काशीने आतून पाट आणून ठेवला, पण ती बसली नाही.

"भावजी, आण्णा गेले."

"कलला मना," हरिचंद्र म्हणाला. त्याचे डोळे लाल झालेले होते. "बुधवारी आयले व्हते बांधावर. ही कुदल माज्या हातान दिली. बोलले, हरी, उद्या आमचा लोखंड बांधतील, आन मी त्याच दिसांत जायाचा, असा मना वाटतं. ही तुज्यापाशी ठेव."

"मग काल हे एवढं बोलले, तरी तुम्ही…"

"शब्द दिलता. कोनाला सांगाचा नाय." तो थोडा थांबला. "आनी येक सांगितलाय, वयनी. सदू सोता मागाला येल, तवाच द्याची. दुसरा कोन आयला तर नाय."

विठाच्या मनात आलं की म्हातारा मरता मरता केवढा खोडकर झाला. तिला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर पाणीही. काशीने पुढे होऊन तिचा दंड धरला. सात-आठ महिन्यांनी त्या बाईचा हात अंगाला लागला होता.

घरी येऊन तिने सदूला न्हाणीच्या मागे नेलं आणि सगळं सांगितलं. सदू ऐकत गेला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "आणि मी काल त्याला काय बोललो…"

"सगळ्या वाटेनं ऐकलं, तुम्ही काय बोललात ते."

"मी कसा जाऊ गं त्याच्या दारात?"

"पायानं," विठा म्हणाली.

तो गेला. ती मागे मागे गेली, पण बांधापाशी थांबली. सदू बांधावरून गेला, त्याच बांधावरून. हरिचंद्र उठून ओट्याच्या काठाशी आला. सदू अंगणात उभा, उन्हात, अनवाणी.

"हरी," सदू म्हणाला. "आण्णा गेले."

"हां."

"कुदळ…"

"कुदल मांगतस, का मना मांगतस?"

सदू ओट्याजवळ आला. मग तो म्हणाला, "तुलाच रे. माझ्याकडं कुणी नाय."

हरिचंद्रने बादलीतून कुदळ काढली, पाणी निथळू दिलं आणि ओट्यावरून उतरला.

नदीकाठची जमीन मुरमाची. एप्रिलात तर ती दगडालाही दाद देत नाही. आण्णांच्या बायकोच्या कबरीशेजारी जागा आखलेली होती. वाडीतली माणसं मोकळ्या हातांनी कडेला उभी होती. हरिचंद्रने कुदळ सदूपुढे धरली.

"पयला घाव घरच्याचा ना तुमच्यात?"

"आण्णांनी कुणाच्या हातात दिलीय?" सदू म्हणाला. "तू घाल."

हरिचंद्रने डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, आपल्या देवाचं असणार, आणि घाव घातला. मुरमाची ढेकळं सुटू लागली. फावडं नव्हतं, घमेलं लोखंडाचं म्हणून तेही नव्हतं. सदू खड्ड्यात उतरला आणि हाताने माती ओढून बांबूच्या पाटीत भरू लागला. मग जयदेव उतरला. मग बाकीचे. हात तर कुणाचे बांधलेले नव्हते. हरिचंद्र चार घाव घालून थांबे, सदू माती उपसे, की पुन्हा चार घाव. हरिचंद्रच्या मदतीला त्याचा मोठा मुलगा कल्पेश आपली पहार घेऊन आला. बाप म्हणाला, "तू नको. मना सांगितलाय." पोरगा पहार घेऊन झाडाखाली बसला.

सदूची नखं फुटली. मुरुम बोटांत शिरला आणि मातीच्या ढेकळांना रक्ताचे ठिपके लागले. हरिचंद्रने डोक्याचा गमछा सोडला, फाडून दोन पट्ट्या केल्या आणि काही न बोलता त्याच्या हातांना गुंडाळल्या. सदूने लहान पोरासारखे हात पुढे धरले होते.

उल्हासनगरहून विनीत शवपेटी घेऊन आला. दुकानदाराने झाकणाबरोबर खिळ्यांची पुडी दिली होती. विनीतने ती वाटेतच खिशात टाकली होती. "दादाजींना आवडलं नसतं," तो आईला म्हणाला, आणि झाकण काथ्याने बांधलं. पाळकसाहेब दुपारची उपासना आटोपून आले. त्यांनी तोच भाग वाचला, शरीर मागून नेणाऱ्या माणसाचा. वाचताना त्यांची नजर एकदा कुदळीला टेकून उभ्या असलेल्या, धुळीने भरलेल्या हरिचंद्रकडे गेली, आणि त्यांनी पुढचं वाक्य दोनदा वाचलं.

माती सगळ्यांनी हाताने लोटली. दिवस मावळायला थोडा अवकाश होता, तेव्हा आण्णा उबदार मातीत होते.

शनिवारी वाडीत कुणी मोठ्याने बोललं नाही. शुभवर्तमानात शुक्रवारचं पुष्कळ लिहिलंय आणि रविवारचं पुष्कळ, शनिवारचं जवळजवळ काहीच नाही. आण्णा म्हणायचे, त्या दिवशी देवालाही बोलवेना. विठा दिवसभर ओटीवर बसली. रिकाम्या खाटेकडे बघणं तिला जड गेलं, पण मन कुठे दुखत नव्हतं. दिलेला शब्द पुरा झाला होता. दुपारी काशी आली, झाकलेलं ताट घेऊन. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांची चटणी. "विलीला हात नाय लावला," ती म्हणाली. "पाट्यावर वाटली."

आणि मग दोघी बसल्या. ताट मध्ये ठेवलं.

रविवारी अजून फटफटायचं होतं तेव्हा सगळे दफनभूमीत गेले. गाणी झाली, नदीपलीकडे उजाडलं, नव्या मातीवर अक्षदाने चाफ्याची फुलं ठेवली. "प्रभू उठला आहे," पाळकसाहेब म्हणाले. सगळ्यांनी उत्तर दिलं, सदूने जरा मागून, घोगऱ्या आवाजात.

घरी आल्यावर त्याने पट्ट्या बांधलेल्या बोटांनी गाठोडं सोडलं. सुरी, विळी, नेलकटर ज्याचं त्याला गेलं. विठाने लगेच कांदा चिरायला घेतला. विळीवर कांदा चिरणं हे काय सुख आहे, ते तिला दर ईस्टरला नव्याने कळे.

"कुदळ राहिली तिकडं," ती म्हणाली. "जाऊन घेऊन या. आण्णांची निशाणी आहे."

सदू गेला तो लवकर आला नाही. कालवण उकळलं, भात झाला, विनीतने दोनदा बापाला फोन लावला आणि तो खाटेवरच वाजला. शेवटी विठा हात पुसत बांधाच्या तोंडाशी गेली. दोघं बांधावर बसलेले, एकाच दिशेला तोंड करून. पुढे जळलेल्या राबाची काळी राख पसरलेली होती.

जेवणाच्या वेळी सदू आला. हात मोकळे.

"कुदळ?"

"आणली नाही."

"दिली नाही त्यांनी?"

"देत होता. मीच ठेव म्हटलं." सदू पाटावर बसला आणि ताट जवळ ओढलं.

"आणि बांधाचं?"

"बघितला. तो म्हणतो मापून घे, मी म्हणतो राहू दे. बसायला बरा आहे."

विठाने त्याच्या ताटात भात वाढला. जरा वेळ तो जेवत राहिला. बोटं दुखत होती, घास नीट धरता येत नव्हता. मग खाली बघतच म्हणाला, "कुदळ राहू दे तिकडं. मी गेल्यावर विनीतला कुणाच्या तरी दारात जायला लागेल ना."